अण्णांचं गार सूप

तीर्थरूप दादांना,

वाकून नमस्कार. (माझ्या गुडघ्यांची अवस्था पाहता प्रत्यक्षात एवढं वाकता आलं नसतं. कागदावर वाकायला त्रास नाही, म्हणून जरा जास्तच वाकलो आहे.) तुमची साखर, वहिनींचा खांदा आणि तुमच्या गॅलरीतली ती वेल, या तिघांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. बऱ्याच दिवसांत तुमच्याकडून काही कळलेलं नाही, तेव्हा सगळं उत्तमच असणार. आमच्याकडेही सगळं ठीक आहे. निदान कालपर्यंत मी फोनवर सगळ्यांना असंच सांगत होतो. पण तुम्ही घरचे आहात, तुमच्यापासून काय लपवायचं? दादा, तुमचे वडील माझा जीव घेणार आहेत, आणि तो चमच्याने.

तुम्हाला माहीतच आहे की पायाच्या ऑपरेशननंतर अण्णा आमच्याकडे आले. पाय बरा झाला, काठी सुटली, पण काठीबरोबर त्यांनी जेवणही सोडलं. सकाळी चहात बुडवून एक बिस्किट आणि दुपारी दोन घास, तेही तुमची बहीण समोर ठाण मांडून बसली तर. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, की यांना जे खावंसं वाटेल ते द्या, फक्त खाऊ देत. डॉक्टर हे बोलून पुढच्या पेशंटकडे वळले, पण त्या एका वाक्याने माझे चार महिने खाल्ले. कारण त्याच संध्याकाळी तुमच्या बहिणीने विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय खावंसं वाटतंय?" आणि अण्णा जराही विचार न करता म्हणाले, "चेरीचं गार सूप."

मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम असेल. पण नाही. सत्ताविसाव्या वर्षी कंपनीने त्यांना छपाईची यंत्रं शिकायला सहा महिने हंगेरीत पाठवलं होतं, तिथे हे सूप असतं म्हणे. आंबटगोड, गुलाबी, गार, वर साय, आणि ते जेवणाच्या आधी द्यायचं. मी खात्री करून घेतली. खरंच असतं. त्याला मेज्लेवेश म्हणतात. (हा उच्चार मी आरशासमोर उभा राहून बसवला आहे, तेव्हा कृपया हसू नये.) आता तुमची बहीण कशी आहे ते तुम्ही जाणताच. तिने कृती शोधली, डबाबंद चेऱ्या आणल्या, दुसऱ्या दिवशी सूप तयार. मी चाखलं, वाईट नव्हतं. अण्णांनी वाटीकडे पाहिलं आणि वाटी हलक्या हाताने तिच्याकडे सरकवली. "तू केलंस. तुझ्यासमोर खाऊन काय उपयोग?" आता या वाक्याचा काय अर्थ लावायचा, सांगा! ती बिचारी मोरीत जाऊन भांडी आपटत बसली आणि मी ठरवलं, बाहेरचं तर बाहेरचं.

इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत, कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये तेलकट हातांनी हॉटेलांना फोन लावायचे. "आपल्याकडे गार सूप मिळेल का?" असं विचारलं की समोरचा माणूस घाबरून म्हणायचा, "नाही साहेब, आमच्याकडे गरमच असतं, तक्रार कुणी केली?" मेज्लेवेश म्हटलं की लोक राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचे. एकाने मात्र छातीठोकपणे सांगितलं, या, मिळेल. त्याच्या हॉटेलात बावीस देशांचे झेंडे टांगलेले, मेनूचं पुस्तक टेलिफोन डिरेक्टरीएवढं, आणि माझ्या अंदाजाने बावीसही देशांचा रस्सा एकाच पातेल्यातला. वेटरने गंभीर चेहऱ्याने आणून ठेवलं टोमॅटोचं सूप, त्यात चार बर्फाचे खडे, आणि वर केकवर लावतात ती पाकातली लालभडक चेरी. अण्णांनी ती चेरी चमच्याने दोनदा बुडवून पाहिली. ती दोन्ही वेळा वर आली. "हे नव्हे," ते म्हणाले. एवढंच. पण नंतर मागवलेली नूडल्सची प्लेट त्यांनी एकट्याने संपवली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं, पेरू देशाचं एक नवं हॉटेल निघालंय, तिथे सगळं गार आणि आंबटच असतं. मी घरी फक्त "पेरूचं हॉटेल" एवढंच सांगितलं (चूक माझी). त्यामुळे तुमची बहीण पेरूच्या फोडींच्या तयारीने आली आणि तिच्यापुढे आला लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी तिचीही प्लेट ओढून घेतली, खाल्ली, रुमालाने तोंड पुसलं. हे नव्हे.

मग जॉर्जियाचं हॉटेल. तिथे मोठाले मुटके मिळतात, आत कढत रस्सा भरलेला. देठाला धरायचं, एक छोटा चावा घ्यायचा, रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीचं खायचं. हे सगळं मालकाने आम्हाला हातवारे करून शिकवलं. अण्णांना पहिल्याच फटक्यात जमलं. मी मोठा चावा घेतला. माझा निळा शर्ट, जो तुम्हीच वाढदिवसाला पाठवला होता, तो आता मी फक्त लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना घालतो. अण्णांनी अकरा मुटके खाल्ले. मालकाने टाळ्या वाजवल्या. मी श्वास रोखून पाहत राहिलो, आणि अण्णा म्हणाले, "छान होतं. पण हे नव्हे."

दादा, तुम्हीच सांगा, माणसाने रागवायचं नाही तर काय करायचं? घरी समोर वाढलेल्या ताटाकडे ढुंकून बघायचं नाही आणि दर आठवड्याला परके देशच्या देश फस्त करायचे! डॉक्टर वजन बघून खूश. त्यांना वाटतं, हा माझ्या सल्ल्याचा परिणाम. मी मात्र संतापून एकदा स्पष्ट विचारलं, "अण्णा, ते सूप नक्की खाल्लं होतं ना तुम्ही?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही." आणि पेपर उघडला. मी आत गेलो आणि भिंतीशी बोललो.

शेवटी जे घडलं ते माझ्या धंद्यामुळे. गेल्या महिन्यात चष्म्याच्या दुकानावरच्या इमारतीतून फोन आला की लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आहे, आत बाई आहे. मी वर गेलो, मेन बंद केला, ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. दार उघडलं तर साठीच्या आसपासची एक धिप्पाड गोरी बाई, कडेवर मूल घ्यावं तसं भलंमोठं पातेलं धरून उभी. दंड पोळी लाटून लाटून व्हावेत तसे. आपली भाषा ती अस्खलित बोलते, फक्त क्रियापदं सोडून. "चाळीस मिनिटं! अंधार! मी आणि चेऱ्या!" असं ती ओरडली. दादा, चेऱ्या! मी त्या तेलकट हातांनीच तिचं पातेलं धरलं आणि म्हणालो, "मेज्लेवेश?" ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचं तिसऱ्या मजल्यावर सहा टेबलांचं जेवणघर आहे, बाहेर पाटी फक्त 'दुपारचं जेवण' एवढीच. ती मूळची हंगेरीची, पण तिथले पदार्थ कुणी नाव घेऊन मागितले तरच करते. आणि सतरा वर्षांत या सुपाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. "कोणासाठी?" तिने विचारलं. सासऱ्यांसाठी म्हटल्यावर तिने मला नव्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुरुवार. एक वाजता. उशीर नाही."

गुरुवारी आम्ही पावणेएकलाच हजर. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावून भांग पाडला होता. तिने तीन वाडगे आणून ठेवले. गुलाबी, गार, वर साय. आणि टेबलाशी हाताची घडी घालून उभीच राहिली. अण्णा चमचा हातात धरून नुसते बसले. मला वाटलं, आता 'हे नव्हे' आलंच. पण ते त्या बाईला म्हणाले, "मी एकदा हे परत पाठवलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. आम्हाला नाही, तिला. कारखान्यातल्या सोबत्याने रविवारी घरी जेवायला बोलावलं होतं. त्याच्या आईने आधी हे सूप ठेवलं. अण्णांना वाटलं, गोड पदार्थ चुकून आधी आला, म्हणून त्यांनी सभ्यपणे वाडगा बाजूला सरकवला आणि जेवणाची वाट बघत बसले. बाकीचे त्यांनी सुरुवात करावी म्हणून थांबले. मग ती आई उठली, सगळ्यांचे वाडगे उचलून आत घेऊन गेली आणि जेवण होईपर्यंत बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सोबती म्हणाला, काही नाही रे, अंगणातल्या झाडाच्या चेऱ्या होत्या, पाहुण्यासाठी ती स्वतः शिडीवर चढली होती. अण्णा त्याच आठवड्यात परत आले. "पत्र लिहायचं होतं," ते म्हणाले. "काय लिहावं ते सुचेना. मग फार उशीर झाला."

बाईने वाडगा बोटाने त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला. अण्णांनी शेवटच्या थेंबापर्यंत सूप संपवलं, बिया बशीच्या कडेला ओळीने मांडल्या, आणि तिच्या भाषेत आभार मानले, तेवढा एक शब्द त्यांना येत होता. ती रिकामा वाडगा पदराखाली झाकावा तसा एप्रनमध्ये धरून आत गेली. तुमची बहीण रुमाल शोधत होती. मीही भारावून अण्णांच्या कानाशी लागलो, "कसं होतं?" अण्णा कुजबुजले, "आवडलं नाही. गोड सूप कोण खातं?"

चार महिने, दादा! एक शर्ट! बाकी काय लिहू? वहिनींना नमस्कार, तुम्ही तब्येतीला जपा, आणि माझी दया आली तर तेवढी ठेवा, खर्च करू नका, पुढे लागेल.

तुमचा, अजून जिवंत असलेला,
धाकटा मेव्हणा

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. त्या बाई आता म्हणतात, त्यांच्याकडे मोठ्या लोखंडी भांड्यात एक मासळीचा रस्सा करतात, पण चार माणसं असल्याशिवाय त्या भांडं चढवत नाहीत. अण्णांना तो हवाच आहे. आम्ही तीन आहोत. ऑपरेशननंतर ते तुमच्याकडे न येता आमच्याकडे आले, याचा तुम्हाला राग आहे, आणि तुम्ही फोन करत नाही याचा त्यांना. त्यात मी पडत नाही. मी फक्त माणसं मोजतो आहे.

ता. क. २ : वरचं मी लिहिलं हे अण्णांना कळू देऊ नका. तुमची बहीण म्हणते, त्यांना कळलं आहे. काल ते म्हणाले, "दादाला काटे काढून लागतात, त्या बाईंना आधीच सांगा."

ता. क. ३ : शेजारचे दंतवैद्य चौथे म्हणून यायला एका पायावर तयार आहेत. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. शनिवारपर्यंत थोपवून धरतो.