कव्हरवर राहून गेलेलं नाव

नाशिक रोड,
एप्रिल २००५

आदरणीय गोटीरामभाऊ,

नाशिक रोडच्या दाजीचा वाकून नमस्कार. उन्हाळ कांदा चाळीत सुखरूप पडला असेल, वहिनींचा गुडघा आता वाकत असेल, असं धरून चालतो. (तुम्ही फोन उचलत नाही, त्यामुळे धरूनच चालावं लागतं.)

तुमच्या रागाचं कारण तुमच्या बहिणीने, उज्वलाने सांगितलं. आता माझीही बाजू ऐका. ‘कांदा चाळीत कसा टिकवावा’ ही सीडी आपण काढली, तुम्ही ठेवणीतला फेटा बांधून कांदा निवडून दाखवलात, इथवर सगळं गोड होतं. पण चित्रण एवढं मोठं झालं की एका सीडीत मावेना. त्यासाठी कोडेक नावाचा प्रोग्राम लागतो. तो चित्राची घडी घालून सीडीत बसवतो आणि बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पुन्हा उलगडतो, उज्वला ट्रंकेत पैठणी ठेवते-काढते तसा. एका कंपनीचा कोडेक होता, पण ती प्रत्येक सीडीमागे हक्काचे पैसे मागत होती. मग प्रतिभाने (भाची तुमची, त्यात कॉम्प्युटर शिकलेली, घरात माझं काय चालणार) इंटरनेटवरून फुकटचा शोधला. देशोदेशीच्या लोकांनी हौसेने मिळून लिहिलेला, आणि आतलं सगळं लिखाण कुणीही बघावं म्हणून उघडं ठेवलेला.

फुकट म्हटलं की मला घाम फुटतो. फुकटचा माल विकायचा, म्हणजे उद्या माझ्या दुकानात पोलीस. तेव्हा तिने त्याचा परवाना मराठीत समजावून सांगितला: खुशाल वापरा, खुशाल विका, फक्त आमची नावं आणि हा परवाना सीडीसोबत द्या. ती म्हणाली, सीडीतच एका फाइलमध्ये टाकू, कुणाला दिसणारही नाही. मला ते पटेना. ज्यांनी एवढं फुकट दिलं त्यांना असं कोपऱ्यात बसवायचं? लग्नपत्रिकेत एखादा चुलता राहिला तर काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून सगळी नावं कव्हरवरच घेतली, मराठीत, ठसठशीत. ओलाफपासून सुरुवात केली आणि युर्गनपाशी जागा संपली. तुमचं नाव राहिलं.

भाऊ, मनात एवढंच होतं की पंगतीला आधी पाहुणे बसवायचे, घरचे मागून. ही रीत मी तुमच्याकडूनच उचलली. आमच्या लग्नात तुम्ही शेवटच्या पंगतीला गार भात खाल्लात, तो मी विसरलेलो नाही. कव्हर पाहून सटाण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, “या बठ्ठा तुमना पाहुना शेतस का?” मी, हो, सगळे पाहुणेच आहेत, म्हणून टाकलं.

तुम्ही मात्र उज्वलाला म्हणालात, “चाळ माझी, हात माझे, आन् नाव त्या गोऱ्यांचं. मग पोरीच्या लग्नात मामा म्हणून बी त्यांच्यातलाच एखादा उभा करा.” तेव्हापासून प्रतिभा नीट जेवत नाही. (उज्वला जेवते, पण माझ्याशी बोलत नाही.) पोरीला मांडवात मामा आणतो. तुम्ही आला नाहीत तर खोलीतून बाहेर पाऊल टाकणार नाही म्हणते, आणि ती तुमचीच भाची, करून दाखवेल. मलाही तुमच्याशिवाय त्या मांडवात करमायचं नाही, हे सरळच सांगतो.

नवीन कव्हर छापायला टाकलंय. सगळ्यात वर तुमचं नाव, फेट्यातल्या फोटोसकट. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
चंदर

ता. क. सोबत लग्नपत्रिका आहे. त्यात मामा म्हणून तुमचं नाव कधीच छापून झालंय. प्रतिभा म्हणते, त्या परवान्यात नवीन नावं वाढवता येतात, पण आधीचं काढता येत नाही. आमच्या घरालाही तोच परवाना लागू आहे असं समजा.

आणखी एक. तुम्ही म्हणालात म्हणून ओलाफला ईमेल करून विचारलं, मामा म्हणून उभा राहशील का. (इंग्रजी प्रतिभाचं, आगाऊपणा माझा.) त्याचं उत्तर आलंय. बोलावणं फार आवडलं म्हणतो, पण विचारतो, मुलीचा खरा मामा कुठे आहे?

त्याला काय कळवू?