केबिनीत पाणी कुठून येतं

कवठाळा, जि. नांदेड
४ मे २०२५

ती. स्व. मामा व मामींच्या चरणी सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

मामा, घशाच्या ऑपरेशननं तुमचा आवाज गेला तेव्हापासून फोनवर मामीच बोलतात आणि तुम्ही शेजारी बसून मान हलवता म्हणे. मोबाईलवर काही लिहून पाठवलं तर नुसता अंगठा पाठवता. म्हणून कागद घेतला. याला अंगठ्यानं उत्तर देता येणार नाही.

इकडे सगळे ठीक, सासूबाईंची तेवढी काळजी आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेडला न्यावं लागतं. जीपनं नेलं की खड्ड्यांनी जीव हैराण, आणि पावसाळ्यात ओढा भरला की गावच तुटतं. म्हणून तुमच्या जावयांनी हिवाळ्यात एक जुनी फायबरची बोट घेतली. धरणाच्या पाण्यातून सरळ पल्याड, तिथून चांगला रस्ता. मागं छोटी केबिन आहे, आत झोपण्यापुरता बाक. येताना सासूबाईंच्या अंगात बसायचंही बळ नसतं, तेव्हा तो बाक फार कामाचा.

पण एप्रिलमधल्या अवकाळी पावसात तो बाक पायाकडून ओला झाला. त्या भिजल्या, आठ दिवस अंगात ताप होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, असं भिजणं यांना परवडायचं नाही, पावसाआधी नांदेडात खोली करा. सासूबाई म्हणाल्या की दवाखान्याजवळच्या खोलीत बसून मरणाची वाट बघायला मला जमायचं नाही, माझी म्हैस माझ्याच हाताला पान्हवते.

मिस्त्री म्हणाला बोटीचा तळ गळतोय. तळाच्या भेगांत लांबी भरली. तरी पाणी येतंच. तुम्ही जन्मभर बस-ट्रकच्या बॉड्या बांधल्या, म्हणून विचारते, काय करावं? मामींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू द्यावी.

तुमची,
सुकन्या


अहमदपूर
१० मे २०२५

चि. सुकन्या हिस मामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी हल्ली वर्कशॉपात जात नाही, सगळं हाताखालच्या संगप्पाच्या हवाली केलं आहे. मी जाऊन बसलो की पोरं माझ्यासमोर हळू बोलतात, जसं काही मला ऐकूच येत नाही. त्यापेक्षा घर बरं.

बोट मी कधी बांधली नाही. पण पाणी इथूनतिथून सारखंच. एवढं ध्यानात ठेव, जिथं पाणी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. म्हणून लांबी थापणं आधी बंद कर. बोट काठावर ओढा, केबिन उन्हात खडखडीत वाळवा. मग आत बाकाच्या फळीच्या कडेकडेनं कोरडी बारीक पूड टाक, खडूची चालेल. बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं, पण खालून सुरुवात करून एकेक जागा घेत वर जायचं. टपावर एकदम ओतलंस तर सगळंच भिजेल आणि काहीच कळणार नाही. पाणी ज्या अंगानं येईल तिकडून पुडीत माग उमटेल.

तुझ्या सासूबाईंना, उमाबाईंना माझा शरणार्थ सांग. तब्येतीला जपा.

तुझा मामा,
गुरुबसप्पा


कवठाळा
१९ मे २०२५

ती. स्व. मामांच्या चरणी सा. न. वि. वि.

तुमचं दोन्ही बाजूंनी भरलेलं पत्र बघून मामींनी पेढे वाटले असतील.

शाळेला सुट्टी, खडू कुठून आणणार? सासूबाईंनी आपली विभूती पुढं केली. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या की कपाळाला लावली काय आन् कामाला लावली काय, देवाला दोन्ही पोचतं. बाकाच्या कडेनं विभूती टाकली, तुमचे जावई बाहेरून पाइप धरून उभे. खालच्या अंगाला पाणी मारलं तेव्हा आत टिपूसही नाही, म्हणजे तळ बिचारा निर्दोष. खिडकीपाशी गेल्यावर कोपऱ्यातून ओघळ आला. तिथलं रबर कुजलं होतं, ते बदललं. आम्ही फार खुश झालो.

पण परवाच्या वळवात बाक पुन्हा पायाकडूनच ओला. दुसरं म्हणजे, आम्ही भीतीनं केबिनीची सगळी भोकं बुजवली, तर आता पाऊस नसतानाही पल्याड जाऊन येईपर्यंत काचा आणि छत आतून घामेजतात.

मामा, तुमच्या जावयांनी काल नांदेडात खोली बघितली. संध्याकाळी बघते तर सासूबाई स्वतःची लुगडी घडी करून पिशवीत भरत होत्या. मला ते बघवलं नाही. कागदावर सांगता येईल तेवढं तुम्ही सांगितलंत. आता तुमचे हात लागले तर काही होईल. याल का?

वाट बघणारी,
सुकन्या


अहमदपूर
२४ मे २०२५

चि. सुकन्या हिस अ. उ. आ.

मी येऊन काय करू, असं लिहायला बसलो होतो. तिथं गाव गोळा होणार, जो तो विचारणार, आणि मी पाटीवर लिहीत बसणार. तुझ्या मामीनं, गुरम्मानं कागद वाचला आणि सरळ माझे कपडे इस्त्रीला टाकून आली. तेव्हा बुधवारी लोह्यावरून येणाऱ्या गाडीनं येतो.

कूलरचा पंखा, मोठे पुठ्ठे, साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश तयार ठेव. आणि एक कर, मला बोलता येत नाही हे लोकांना आधीच सांगून ठेव. ते सांगायची पाळी माझ्यावर नको.

तुझा मामा,
गुरुबसप्पा


अहमदपूर
१ जून २०२५

चि. सुकन्या हिस मामाचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या हातची शेंगाची चटणी गुरम्मानं माझ्यापासून लपवून ठेवली आहे.

त्या दिवशी तू बाहेर होतीस, म्हणून आतलं सांगतो. दाराला पुठ्ठे लावून कूलरच्या पंख्यानं केबिनीत हवा भरली, तू बाहेरून साबणाचं पाणी लावलंस आणि टपावरच्या कठड्याच्या बोल्टांपाशी बुडबुडे आले, ते तू पाहिलंसच. पण त्या सगळ्या बोल्टांतला पाणी आत सोडणारा कोणता, ते आतूनच कळणार होतं. म्हणून मी बॅटरी घेऊन आत गेलो. पंख्याचा आवाज एवढा की जावई मल्लिनाथ वरून ओरडत होते ते मला कळेना. मग मी छतावर ठोकलं. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढच्या बोल्टावर पाणी टाका. त्यांनी खूण ओळखली आणि वरून ठोक्यांनीच विचारायला सुरुवात केली. एकेक बोल्ट घेत आम्ही चाललो होतो. डोक्याकडच्या बोल्टावर पाणी पडलं आणि थोड्या वेळानं छताखालच्या पट्टीच्या आतून ते सरकत सरकत पार पायाकडं येऊन टपकलं. मी दोन्ही मुठींनी छत बडवलं. तुम्हाला वाटलं असेल म्हातारा आत पडला.

सुकन्या, तेवढा वेळ मला आवाज नाही हे मी विसरून गेलो होतो. ऑपरेशननंतर असं पहिल्यांदा झालं. पंखा बंद झाला, गाव दाराशी आलं, आणि कोणी माझ्याशी हळू बोललं नाही. जो तो बोल्ट बघायला आत घुसत होता.

बोल्टांची भोकं मोठी करून भरली आणि रबरी वायसर घालून बोल्ट पुन्हा कसले, ते काम पक्कं आहे. वरची दोन हवेची भोकं मात्र कधी बुजवू नका. काचेवर येतो तो आतल्या माणसांच्या श्वासाचा ओलावा, त्याला जायला वाट हवी.

काल वर्कशॉपात गेलो. संगप्पाला हाक मारली, म्हणजे पत्र्यावर दोन ठोके दिले. तो उठून आला. आता रोज जाणार. तू बोलावलंस, त्या उपकाराचं माझ्या मनावर मोठं ओझं आहे, आणि ते मला उतरवायचं नाही.

तुझा,
मामा


कवठाळा
९ जुलै २०२५

गुरुबसप्पा भाऊंना उमाबाईचा शरणु शरणार्थ.

सूनबाई म्हणली मी लिहिते, तुम्ही सांगा. म्या म्हणलं न्हाई, माझं मीच लिहिते. अक्षर वाकडं हाय, गोड मानून घ्या.

तुम्ही आलात तवा मला चार शब्द बोलायचे व्हते, पर सगळ्या गावानं तुम्हाला धरून ठिवलं. मी वसरीवरून बघत व्हते. माझी वाकळ भिजू नये म्हणून एवढी माणसं बोटीखाली निजून, वर चढून पाणी हुडकून राहिलेत, हे बघून माझा जीव भरून आला. दुखण्यात माणूस घरच्यास्नी भार होतो, मी बी तसंच धरून चालले व्हते. त्या दिशी ते मनातून गेलं.

मल्लिनाथानं खोलीवाल्याला नको म्हणून कळवलं. लुगडी म्या परत फळीवर ठिवली. म्हैस बरी हाय, दूध देती.

आता कालचं सांगते. दवाखान्यातून निघालो तं आभाळ काळंभोर. पाण्यावर आलो अन् पाऊस असा कोसळाया लागला की काठ दिसंना. सुकन्या माझ्या पायाशी हात लावून बसली, वल लागती का बघाया. म्या छताकडं डोळे लावून पडले. कुठं टपकतंय का, कुठं टपकतंय का, असं बघता बघता माझा डोळा लागला. भाऊ, डायलिसिस सुरू झाल्यापासून येताना मला कधी झोप आली न्हाई. थरथरत यायचं अन् घर येईस्तोवर वाट बघायची, एवढंच ठावं. काल मल्लिनाथानं हलवून उठवलं तवा बोट काठाला लागली व्हती. मी इचारलं, पाऊस कवा थांबला? तो हसाया लागला. पाऊस तसाच पडत व्हता.

गुरम्मावैनींना घेऊन या. तुमच्यासाठी घट्ट दही ठिवीन. भणीवर लोभ हाय तसाच ऱ्हाऊ द्या.

तुमची भण,
उमाबाई