चिनू छिंदवाड्याला

८ डिसेंबर, सोमवार
चिनूला छिंदवाड्याला सोडून आलो. हुशार मुलांचा दोन महिन्यांचा निवासी वर्ग. सौंसरमधून चौथीची ही एकटीच निवडली गेली. निकालाच्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले होते मी. आज सवयीने तिच्याही वाटच्या पोळ्या लाटल्या.

१४ डिसें., रवि.
फोन फक्त रविवारी. हुंदके देत म्हणाली, "आई, मले घेऊन जा वं." यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोन शब्द बोलले नि ठेवूनच दिला. वर मलाच, "संत्र्याले ताण देल्ल्याबिगर फूल येते का? पाणी तोडाच लागते. पोरीचंबी तसंच." बगीच्याचं पाणी तोडलंय सध्या, तेच डोक्यात. बागवानाशी लग्न केलं की हे ऐकावं लागतं.

२१ डिसें.
भेटीचा दिवस. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या, डबा भरला, साडी नेसून तयार. तर हे, "नको जाऊ. आता गेली तर पोरगी गळ्यातच पडन, राह्यनारच नाही." आणि मी ऐकलं! शेंगा रात्री आम्हीच खाल्ल्या.

२८ डिसें.
रडली नाही. "सगळ्यायचे आले होते," एवढंच म्हणाली. मग गणिताची कोडी, कोण कुठल्या गटात वगैरे. फोन ठेवून यांना म्हटलं, "घ्या, आलं तुमचं फूल."

११ जाने.
यांनी बगीच्याला पाणी सोडलं. "जास्त ताणलं तं झाड वाळते." झाडाचं बरं कळतं! संध्याकाळी अंगणात पाहिलं तर तिची सायकल पुसत बसले होते.

१८ जाने., रवि.
दोघंही गेलो. पुठ्ठ्याची दुर्बीण केलीय तिने, चालते. नेलेल्या शेंगा मैत्रिणींत वाटून टाकल्या. बाई म्हणाल्या, फार तल्लख आहे, आठवीपर्यंत राहू द्या, उद्या कळवा. चिनूला विचारलं. "तुमी म्हणान तसं. मले आता घरची आठवण नाही येत." हेच हवं होतं ना आपल्याला?

परतताना बसमध्ये, रामाकोना गाव मागे पडल्यावर हे हळूच, "नाही म्हणून देऊ का वं?"

आठवण मला येते. तेवढ्यासाठी तिला काढून आणू? सौंसर आलं, उतरलो, स्वयंपाक झाला. सकाळी बाईंना काय कळवायचं ते ठरलेलं नाही; हेही जागेच आहेत.