साठ वर्षांचं नवं रबर

सापगाव, ता. शहापूर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

काळूरामदादांना प्रशांतचा जय भीम, आणि तुमच्या सवयीचा राम राम.

खांद्याचं प्लास्टर निघालं असं तुमच्या हर्षालीने फोनवर सांगितलं. हात डोक्यापर्यंत जातो का? डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम सोडू नका. तुम्ही फोनवर येत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. तुमची ही लेकच कामावरून आली की वाचून दाखवेल.

इकडे ठीक आहे. वालाच्या शेंगा यंदा चांगल्या आल्या. बायकोने तुमच्यासाठी पिशवी भरून ठेवली आहे, तिकडे जाणारं कोणी भेटलं की पाठवते. मी कंपनीत जातो, लेथवर उभा राहतो, घरी येतो.

मागच्या रविवारी किन्हवलीला आपल्या जुने ट्रक जपणाऱ्यांची बैठक झाली. नऊ जणांपैकी चौघेच आलो. गाडी कोणीच आणली नाही. नरेंद्रशेठ त्यांची शेवरले गिरणीत झाकून ठेवून स्कूटरवर आले. गाडीला जो कोणी 'भंगार' म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा आपला नियम. तुम्ही तर येता येताच ओरडायचात, "काय भंगारवाल्यांनो, कुनाची मेली, कुनाची जगली?" आणि हसत खिशात हात घालायचात. या वेळी तो शब्द कोणी काढला नाही. चहा न घेताच उठलो.

माझी फार्गो गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे. मी मुरबाडला गेलो की त्या रस्त्याने जात नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. हर्षाली म्हणाली, अठ्ठावीस तारखेला कोर्टात तुम्ही गुन्हा कबूल करणार आहात. दादा, तसं करू नका. मी मुरबाडला एक चांगला वकील बघून ठेवला आहे, तो तुमच्याकडून उभा राहील. गाडी जुनी, रस्ता उताराचा, अपघात कोणाच्याही हातून होतो. त्यात तुमचं वय. चाळीस वर्षं गाडी चालवून तुमच्या नावावर एक ओरखडा नाही. कबूल केलंत तर तुमच्या सख्ख्या भावाला, भगीरथभाऊंना, तुम्हीच मारलंत असं कायमचं कागदावर येईल.

का एवढं सांगतो ते विचारू नका. फक्त ऐका.

भगीरथभाऊंच्या भिमीवहिनींना माझा नमस्कार सांगा. म्हणजे, त्या तुमच्याशी बोलत असतील तर.

तुमचा
प्रशांत


सापगाव
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

दादा,

हर्षालीचा निरोप मिळाला. तुम्ही जे म्हणालात ते तिने तुमच्याच शब्दांत लिहून पाठवलं: "परशांतला सांग, तू नको जीव जालूस. भाव माझा गेला, पाय माझा चुकला. आता या वयात खोटं बोलून कुठं जायाचं हाय?"

ते वाचलं आणि डबा न उघडताच कंपनीतून घरी आलो.

हर्षाली, पुढचं वाचण्याआधी भिमीवहिनींना बोलाव. त्या येणार नाहीत. तरी बोलाव. दाराआड उभ्या राहिल्या तरी चालेल, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाच. बाबा मधेच "पुरे" म्हणतील. थांबू नकोस.

वहिनी त्या दिवशी गाडीत नव्हत्या, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

ही फार्गो सत्तावन सालची. एका लाकूड ठेकेदाराच्या वाडीत पडून होती, तिच्या बॉनेटमधून उंबर वर आला होता. चार वर्षं मी तिच्यावर काम केलं. सुटीचा एक दिवस घरी दिला नाही. काळूरामदादा विशीत असताना सिद्धगडच्या रानातून अशाच गाड्यांवर लाकूड न् कोळसा आणायचे. त्या गाडीचा गिअर टाकता येणारा माणूस आता दोन तालुक्यांत एकच उरला होता. म्हणून मी त्यांच्या पाया पडून त्यांना आमच्यात आणलं.

आम्हा ट्रकवाल्यांना एक वेड आहे वहिनी. सामान ओरिजिनल पाहिजे. काचेला लावायचा साधा स्क्रूसुद्धा त्या काळातला, अमेरिकेतून आलेला असला की आम्ही महिनाभर त्याचंच बोलतो. गेल्या दिवाळीत नरेंद्रशेठनी नागपाड्याच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून एक डबी आणली. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमध्ये बसून तेल पुढे ढकलणाऱ्या रबराच्या वाट्या, अमेरिकेहून आलेल्या, साठ वर्षांत डबीचं सील कोणी फोडलं नव्हतं. मेणकागदात पावडर लावलेल्या, काळ्याभोर. नवीन म्हणजे अगदी नवीन. आम्ही नऊ जणांनी ती डबी हातोहात फिरवली. विहारात अस्थिकलश आला तेव्हा मी जसा हात पुसून पुढे झालो होतो, तसाच डबीसाठी झालो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दादा, तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवतं का?

"डब्बीला अगरबत्ती लावता का काय रे?" असं म्हणून तुम्ही एक वाटी नाकाशी धरलीत. मग म्हणालात, "रबर म्हंजे भाकर, परशांत. डब्यात ठेवली म्हनून ताजी नाय राहत. किन्हवलीच्या दुकानात याच मापाची मिलेल, ती बशीव."

मी म्हटलं, "दादा, गाडी अमेरिकेची आणि तिला किन्हवलीचं रबर?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, म्हणालात, "बरं बाबा, तुझी गाडी, तुझी नवरी." मी दुसऱ्याच दिवशी ती वाटी बसवली. ब्रेक सुरेख लागला. गावातल्या गावात दोन महिने लागला.

दोन जानेवारीला दरवर्षीसारखे आपण सिद्धगडला हुतात्म्यांना वंदन करायला गेलो. जाताना चढ होता. येताना नारिवलीच्या अलीकडच्या उतारावर केबिनमध्ये तुम्ही स्टिअरिंगला, मधे मी, डाव्या दाराशी भगीरथभाऊ. ते कोपर बाहेर काढून बसले होते. "दादा, पन्नास वरसांत मना पयल्यांदा बसवलंस तुझ्या गाडीत," असं तुम्हाला चिडवत होते. हौद्यात चौदा माणसं, त्यांत सात बायका, गाणी म्हणत होत्या.

वळणाआधी तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलात.

पेडल तळाला गेलं.

मी बघत होतो. गाडी माझी होती, मी तुमचे पायच बघत बसलो होतो. तुम्ही पाय उचलून पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. तीनदा दाबलंत. मग गिअर उतरवायला गेलात, पण तोवर वेग इतका वाढला होता की दात जुळेनात. तो करकर आवाज हौद्यातल्या सगळ्यांनी ऐकला, म्हणून सगळे म्हणतात म्हाताऱ्याचा गिअर चुकला. आवाज चौदा जणांनी ऐकला. पेडल फक्त आपण दोघांनी पाहिलं.

उजवीकडे दरी होती, डावीकडे कातळ. वहिनी, दादांनी एकदा डावीकडे पाहिलं, भगीरथभाऊंच्या तोंडाकडे. मग स्टिअरिंग डावीकडे ओढलं. मागच्या चौदा जणांपैकी कोणाच्या हाताला खरचटलं, कोणाचा दात पडला. सगळे घरी आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुमच्या बाजूने मी खाली उतरलो तेव्हा माझी पहिली नजर गाडीच्या तोंडाकडे गेली. पुढची जाळी आत गेली होती. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं, ते जाळीसाठी. त्यानंतर मला भगीरथभाऊ दिसले.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आलो. तुम्ही शुद्धीवर होतात. मला जवळ बोलावून हळूच विचारलंत, "परशांत, पायडल तलाला गेला ना रे?"

तेव्हा एक शब्द पुरला असता. 'हो' एवढाच.

मी म्हटलं, "नाही दादा. ब्रेक चांगला होता, मी स्वतः बसवलाय. घाईत तुमचा पाय क्लचवर पडला असेल."

तुम्ही म्हणालात, "तसंच असंल. म्हातारा झालो." माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही तुमच्या स्वतःच्या पायाला खोटं ठरवलंत. चाळीस वर्षांच्या पायाला.

गाडी तपासायला आरटीओचे साहेब आले. धडकेत नळ्या तुटल्या होत्या, त्यावरून त्यांना काही कळेना. त्यांनी मला विचारलं, ब्रेकला सामान जुनं होतं का? मी म्हटलं, "नाही साहेब, नवीन." त्यांनी 'नवीन' असं लिहून घेतलं. मी खाली सही केली.

डबीत दोन वाट्या उरल्या होत्या. बाराव्या दिवशी त्यातली एक मी अंगठ्याने दाबली. वरून तुळतुळीत होती. कडेला बारीक चीर पडली, आणखी दाबली तशी ती तुटली. त्यानंतर मनाला सांगायला काही उरलं नाही.

मी नरेंद्रशेठकडे गेलो. त्यांनी गिरणीचा पट्टा बंद केला आणि म्हणाले, "हे बघ, तू तोंड उघडलंस तर नऊच्या नऊ गाड्या उचलून नेतील. आयुष्य घातलंय लोकांनी त्यांच्यात. म्हाताऱ्याचं वय झालंय, कोर्ट त्याला सोडेल. त्याचं त्याला काय वाटत नाही, तुला कशाला एवढं?" मला ते पटलं नाही. पण मी उठून आलो आणि गप्प बसलो, म्हणजे पटल्यासारखंच झालं.

रोज सकाळी दिवा लावून पंचशील म्हणतो. लहानपणापासून म्हणतो आहे. हल्ली तिसऱ्या शीलावर थांबतो आणि चौथं, खोटं न बोलण्याचं, बायको एकटी म्हणते. तिने एकदा विचारलं, "घसा बसलाय का?" मी हो म्हटलं. शील म्हणताना शेवटी तेही खोटंच.

दोनदा तुमच्याकडे आलो ते सांगायलाच आलो होतो. पहिल्यांदा तुम्ही ओसरीवर बसला होतात, जेवणाचं ताट तसंच पडलं होतं. हर्षाली म्हणाली, काकी बाबांच्या पुढ्यात येत नाही, ताट ठेवते आणि पाठ फिरवते. दुसऱ्यांदा मी तोंड उघडलंच होतं. तुम्ही माझ्या पाठीवर चांगला हात ठेवलात आणि म्हणालात, "तुझी गाडी गेली रे माझ्यापायी." ज्याने तुमचा भाऊ नेला त्याचं तुम्ही सांत्वन करत होतात. मी चहा प्यालो आणि परत आलो. त्या चहाची मला अजून शिसारी आहे. तुमच्या घराची नाही, माझी स्वतःची.

गेले आठ दिवस मनात काय काय येतं ते लिहीत नाही. ते केलं तरी तुम्ही कोर्टात उभे राहून कबूल करालच, आणि पाहिलेलं सांगणारा कोणी उरणार नाही. एवढ्याच एका कारणाने मी टिकून आहे.

उद्या सोमवारी सकाळी मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. उरलेली वाटी, तुटलेली वाटी, डबी, सगळं घेऊन. वकिलालाही बोलावलं आहे, तो आता तुमचा. मी माझ्यासाठी कोणी बघितलेला नाही. बायकोला आज दुपारी सगळं सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती, हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली, "आधी भिमीवहिनींना कळू दे. पोलिसांना नंतर." म्हणून हे पत्र आजच नारिवलीच्या गाडीने पाठवतो आहे.

वहिनी, दादांचा पाय चुकला नाही. माझा गर्व चुकला. तुम्हाला ज्याच्याकडे पाठ फिरवायची ती माझ्याकडे फिरवा. त्यांना समोर बसून वाढा.

दादा, तुमची माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, एवढं तुम्हाला ओळखतो. आणि ती मिळाली की मी पुन्हा गप्प बसेन, एवढं मला ओळखतो.

एकच मागणं आहे. शुक्रवारी न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही खाली बघू नका. माझ्याकडेही बघू नका, मी मागे कुठेतरी असेन, किंवा त्यांनी नेलं तर नसेनही. तुम्ही फक्त तुमच्या बोलीत, हौद्यातल्या चौदा जणांना ऐकू जाईल असं म्हणा: नाय.

त्या दिवशी तुमच्या शेजारी बसलेला,
प्रशांत