धुतलेली लाकडं

आदरणीय मामा,

तुमच्या लाडक्या (आईच्या भाषेत, डोक्यावर चढवून ठेवलेल्या) भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? बेकरीत दिवसभर उभे राहू नका, कारागिरांवर ओरडायचं काम बसूनही होतं. मामींना म्हणावं, त्यांची आठवण रोज निघते, आणि चांगलीच निघते.

तर मामा, आपण जिंकलो! जळाऊ लाकडाच्या माझ्या धंद्याला निधी मंजूर झाला. दुकानातली नोकरी सोडून मी गोदाम भाड्याने घेतलं तेव्हापासून बाबा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होते (मी समोर बसलेली असले तरी). निधी मिळाला नसता तर परत त्याच दुकानात, त्याच मालकापुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं, आणि ते मला या जन्मात जमलं नसतं. निधीवाल्यांना लाकूड खडखडीत वाळलेलं हवं होतं. मी बागांच्या छाटणीचं लाकूड उन्हाळाभर रचून वाळवलं होतं.

पाहणीच्या दिवशी मी निधीवाल्या बाईंना आणायला गेले आणि इकडे आईने घात केला. तुमची बहीण तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुणे येणार म्हटलं की ती दाराच्या कड्यासुद्धा घासते. तिने गोदामात जाऊन पुढची सगळी रास बादल्या ओतून, घासणीने घासून धुऊन काढली. आम्ही पोचलो तर बाह्या वर करून आई कौतुकाची वाट बघत उभी, आणि लाकडांतून पाणी ठिबकतंय. बाईंनी ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया ओंडक्यात खुपसल्या. यंत्र केकाटलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

मग मात्र माझं टाळकं सरकलं. ठेवणीतल्या कपड्यांवरच कुऱ्हाड उचलली आणि म्हटलं, कुठलाही ओंडका दाखवा. त्यांनी मुद्दाम सगळ्यात जाड आणि सगळ्यात निथळता दाखवला (हसू नका, मला घाम फुटला होता). एका घावात दोन फाका! एक ढलपी उडून, आईने बाईंच्या हातात दिलेल्या चहात पडली. ती त्यांनी काढली, हुंगली आणि शांतपणे बशीत ठेवली. आतल्या गाभ्याला यंत्र लावलं तर ते गप्प. नुसतं कोरडं ठणठणीत. बाईंनी टोपण काढून तिथल्या तिथे सही केली. आईचं म्हणणं असं की, धुतल्यामुळेच लाकूड त्यांच्या नजरेत भरलं. मामा, खरं सांगते, मी राशीमागे जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर बाबा मला थेट म्हणाले, "हात बरा बसलाय तुझा." एवढंच, पण मला निधीपेक्षा तेच मोठं वाटलं.

तुमची,
यशस्वी उद्योजिका (आणि भाची)

ता.क. मंजुरीत एक बारीकशी अट आहे. वर्षभर लाकूड घेणारं एक पक्कं गिऱ्हाईक दाखवायचं, ते पटलं की मगच पैसे हातात. मी तुमची बेकरी सांगितली. गेल्या वर्षी तुम्ही भट्टी बंद करून गॅस घेतलात, हे सांगायचा विषय निघाला नाही.

ता.क. २. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तो टेम्पोचा ड्रायव्हर. टेम्पोत पुढे बसल्या आहेत त्या निधीवाल्या बाई. त्यांना बाहेरच चहा पाजा, अगदी सावकाश, आणि तेवढ्यात मामींकडून भट्टी पेटवून घ्या. लाकूड टेम्पोत आहे. एका काडीत पेटतं.