चिठ्ठीत न निघालेलं घर

७ जानेवारी, अहमदपूर

घोर अन्याय. सिंधु काल नांदेडला परत जाताना माझी उशी घेऊन गेली. तिची इथे ठेवली आहे — कापूस की दगड, सांगणं कठीण. बायको पंचेचाळिसाव्या वर्षी शाळेतून रजा काढून उपयोजित संख्याशास्त्रात एम. एस्सी. करते, म्हणून वसतिगृहात मऊ उशी. आणि नवरा मान वाकडी करून तालुक्याच्या बातम्या पाठवतो. फोनवर मानेचं सविस्तर सांगितलं. शेवटी थोडं कण्हलोही.

१६ जानेवारी

तिच्या खोलीतली लुंबिनी, लेकीच्या वयाची, तिला संगणक शिकवते. आज तिनेच फोन घेतला. "काका, काकू लई लवकर शिकून राहिल्यात!" सरांनी सिंधुला पीएच.डी.चं विचारलंय. म्हणजे आणखी काही वर्षं नांदेड. उत्तर महिनाअखेर द्यायचं. मग सिंधु फोनवर आली. म्हणाली, "बघू." मी म्हणालो, संध्याकाळी घर खायला उठतं.

आम्ही संस्कृत घेऊन पदवी केलेले 'दैव' एवढ्या एका शब्दात भागवतो. या संख्याशास्त्रवाल्यांना त्याच कामाला दोन वर्षं लागतात.

२१ जानेवारी

सिंधु प्रकल्पासाठी चार दिवस घरी आली आहे. आज दोघे मोटारसायकलवर कंधारकडच्या एका गावात. घरात पाणी कोण भरतं, कुठून आणतं, हे विचारायचं. तेही सगळ्यांना नाही — चिठ्ठ्या टाकून जी घरं निघाली तेवढ्यांनाच. हे गावाला कोण समजावणार? बसलिंगप्पांचं घर चिठ्ठीत निघालं नव्हतं, तरी ते दारातच उभे. "आमाला सोडून फुडं? आमच्यात काय माणसं राहत न्हाईत का, पत्रकारसाहेब?"

हाक मारणारं घर टाळून पुढे जाणं मला जमत नाही. सिंधु दुसऱ्या गल्लीत होती. आत गेलो, चहा घेतला, सगळे प्रश्न विचारून टाकले. मग शेजारचे दोघे रुसले. त्यांच्याकडेही चहा. तोवर अमृतराव — यांची चिठ्ठी खरंच निघाली होती — दार लावून बसले. आतूनच म्हणाले, "आधी बसलिंगप्पाला इचारलं न्हवं? मग त्याचंच लिवा."

घरी आल्यावर सिंधु म्हणाली, "हवं ते घर घालवलंत, आणि नको ती तीन आणलीत."

२४ जानेवारी

ती एकटीच जाऊन आली. मला बोलावणं नव्हतं. अमृतराव बोलले, वर जेवूही घातलं. कसं जमवलंस, विचारलं. "भिशीची चिठ्ठी निघते ना, तसं हे, असं मी सांगितलं. लगेच पटलं त्यांना. बसलिंगप्पांनाही."

मी तासभर शास्त्र समजावलं असतं.

३१ जानेवारी

सिंधुने सरांना नकार कळवला. कारण विचारलं. म्हणाली, "तुमचे हाल बघवत नाहीत."

हाल कसले? चांगुणाबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जातात. झोप लागते. संध्याकाळी चौकात चार माणसं भेटतात. हे तिला आजच सांगायला हवं होतं. सांगितलं तर ती जाईल. माझ्यावाचून तिचं काही अडत नाही, हे त्या गावात पाहिलंय. मला त्याचीच भीती वाटते.