माळावरची ताल

१२ जानेवारी
आणि वर म्हणे मीच ऐकत नाही! ऐकत कोण नाही? साठी उलटलेला बाप पहार घेऊन माळावर जातो, दगड खणतो, बांधाला माती अडवायची दगडी ताल रचतो. मी इथं मदुराईत सोनं-चांदी गाळतोय ते काय अण्णांनी दगड उचलावेत म्हणून? त्यांनी जन्म ह्याच भट्टीपुढं काढला. ॲसिडच्या धुरानं छाती गेली म्हणून तर गावी पाठवलं. आटपाडीचे डॉक्टर म्हणाले होते, जिना चढताना जपा. जिना! आणि हे माळ चढतात.

१३ जानेवारी
फोन केला. "बसून अंग आंबतंय," म्हणाले. ठेवला.

१९ जानेवारी
आईचा फोन. हसत होती का रडत होती, कळेना. "तुझा बा माळ झाडतोय रं! खराट्यानं! दगडाखालची माती गोळा करून चाळतोय!"
आम्हा गलाईवाल्यांची खोड. दुकानातला केरसुद्धा टाकत नाही, धुऊन त्यातलं सोनं काढतो. पण माळाची माती? गाव हसत असेल.

२ फेब्रुवारी
ठरलं. चुलतभाऊ वीरधवलचा जेसीबी. पैसे पाठवले. एका दिवसात ताल पुरी, मग बसा गप्प!

६ फेब्रुवारी
जेसीबी परत! अण्णा त्याच्यापुढं दगडावर बसून राहिले. वीरधवल म्हणतो, "चुलतं उठंनात, मी काय करू गड्या?"
फोनवर लय बोललो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, त्ये मशीन सगळं कालवतंय. केरात गेलेलं सोनं निघतं. दगडात गेलेली माती न्हाई निघत."
पैसेही परत आले, सगळे. रागानं जेवलो नाही.

२३ फेब्रुवारी
वीरधवलनं व्हिडिओ पाठवला. अण्णा एकटे नाहीत! गुंडातात्या — कोचीनला अशाच भट्टीवर म्हातारे झालेले — आणि अजून दोघं. सगळे रिटायर गलाईवाले. उभ्या चढाला दगड वर नेतायत. अण्णा चढता चढता ओरडतायत, "आवं तात्या, दगुड हाय त्यो, म्हस न्हाई! गोंजारताय काय?"
तात्यांनी शिवी दिली. अण्णांनी तिच्यापेक्षा मोठी दिली, एका दमात. खोकले नाहीत!
परत लावून बघितला. नाही खोकले.

२४ फेब्रुवारी
भट्टीपुढं मलाच ठसका लागला. दिवसभर.

१ मार्च
अण्णांना म्हटलं, पाडव्याला कायमचा येतो, तुमच्या टोळीत घ्या. म्हणाले, "आधी च्याची वर्गणी भर. हितं फुकट कुणी न्हाई."
पाठवले. पन्नास रुपये.